‘यात दाणे नाहीत ना?’

मराठी घरात दाण्याच्या कुटाचा डबा रिकामा झाला, की गृहिणीला चैन पडत नाही. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, पालेभाजीत कूट आणि उपवासाच्या साबुदाण्याच्या खिचडीत तर मूठ सैल सोडून कूट. पोह्यांत अख्खे दाणे. लहान मूल घरी आलं, की त्याच्या हातावर दाण्याचा लाडू नाहीतर गूळदाणे. भुईमूग हे मूळचं दक्षिण अमेरिकेतलं पीक, पण आपल्या स्वयंपाकघरात ते असं मुरलं आहे, की हा दाणा परदेशी आहे हे कुणाला सांगूनही पटणार नाही.

अशा घरात एखादं मूल असं जन्माला येतं, की ज्याला हाच दाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही किंवा पचत नाही असं नव्हे. चुकून पोटात गेला तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. मग त्या घराचं काय होतं? सणवार, पाहुणचार, प्रवास आणि मुख्य म्हणजे आपल्या माणसांची माया, हे सगळं कसं सांभाळायचं?

पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय कुटुंबाला हा प्रश्न गेली काही वर्षं रोज सोडवावा लागतो आहे. वडील बँकेत, आई शिक्षिका, घरात आजी, दहा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. दाण्याची ॲलर्जी आहे ती या धाकटीला.

तिळगुळाचा लाडू

ती दोन वर्षांची असताना संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर तिळगुळाचा लाडू ठेवला. तिनं अर्धा खाल्ला असेल नसेल, तोच तिचे ओठ सुजू लागले. अंगभर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. घरच्यांना वाटलं, तीळ उष्ण, बाधले असतील. डॉक्टरांनी मात्र लाडवात काय काय होतं ते नीट विचारून घेतलं. तीळ, गूळ, सुकं खोबरं, वेलची आणि दाण्याचा कूट. पुढे ॲलर्जीतज्ज्ञांकडे त्वचेवरची चाचणी झाली, रक्ताची तपासणी झाली. तीळ निर्दोष ठरले. दोषी निघाला तो कूट.

शेंगदाणा हा काही बदाम-काजूंचा भाऊबंद नाही. तो तूर-हरभऱ्यासारखा शेंगेत येणारा दाणा. काही मुलांना दोन्ही प्रकार चालत नाहीत, काहींना एकच. म्हणून ‘सगळंच बंद’ करण्याआधी नीट निदान करून घेणं महत्त्वाचं. नुसती चाचणी सकारात्मक आली म्हणजे ॲलर्जी आहेच असंही नसतं. खाल्ल्यावर प्रत्यक्षात काय झालं याची हकिगत आणि चाचणी, दोन्ही जुळवून डॉक्टर निर्णय देतात. या मुलीला काजू-बदाम चालतात असं तपासाअंती ठरलं, तेव्हा घरच्यांनी अर्धा सुस्कारा टाकला.

आजीचं म्हणणं

आजीला मात्र हे पटेना. ‘‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं. रोज चिमूटभर दिलं, की होईल सवय,’’ असं त्या म्हणायच्या. सुनेला वाटायचं, सासूबाईंना नातीच्या जिवाची काळजी नाही. सासूला वाटायचं, सून पुस्तकं वाचून घाबरट झाली आहे. कुटाचा डबा ओट्यावरून उचलायचा की नाही, यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

गंमत अशी, की आजीचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. लंडनमधल्या ज्यू मुलांमध्ये दाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आढळली, असं २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसलं होतं. इस्रायलमधली तान्ही मुलं दाण्यापासून केलेला कुरकुरीत खाऊ लवकर खाऊ लागतात, लंडनमध्ये मात्र तो टाळला जाई. त्यावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डॉ. गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४० बाळांवर अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून दाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयापर्यंत ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी राहिलं.

डॉक्टरांनी आजींना हे समजावून सांगितलं आणि पुढे म्हणाले, ‘‘आजी, तुमची सवयीची गोष्ट ॲलर्जी होण्याआधीची आहे. एकदा ती जडली, की चिमूटभर दाणा म्हणजे विस्तवाशी खेळ. थोडं थोडं देऊन सहनशक्ती वाढवण्याचे उपचार आहेत, पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मोजूनमापून करायचे असतात. घरी नाही.’’ आपलं म्हणणं कुणीतरी मनापासून ऐकून घेतलं, हेच आजींना पुरेसं झालं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी स्वतः कुटाचा डबा घासला आणि त्यात डाळं भरून ठेवलं. आता त्यांच्या कोशिंबिरीत भाजक्या डाळ्याचं पीठ पडतं, खिचडीत ओलं खोबरं. ‘चव वेगळी लागते, पण वाईट नाही,’ असा त्यांचा शेरा असतो.

दादाची चिक्की

घरात एका मुलाला जपताना दुसऱ्यावर अन्याय होतो, हे अनेकदा लक्षात येत नाही. या घरातल्या दादाला चिक्की जिवापाड आवडते. लोणावळ्याहून कुणी आलं, की पूर्वी चिक्कीचं पाकीट यायचं, ते बंद झालं. शाळेच्या डब्यातले दाण्याचे लाडू गेले, सुट्टीच्या दिवशी सकाळची मिसळ गेली. एकदा चिडून तो म्हणाला, ‘‘सगळं तिच्यामुळे!’’ आणि धाकटी कोपऱ्यात जाऊन रडत बसली.

आईनं त्याला रागावण्याऐवजी बाहेर फिरायला नेलं आणि चिक्की घेऊन दिली. नियम एकच. घरी येण्याआधी साबण लावून हात धुवायचे, चूळ भरायची, कपड्यांवर कण नाहीत ना ते पाहायचं. हात निर्जंतुक करण्याचं बाटलीतलं द्रावण इथे उपयोगाचं नाही. त्यानं जंतू मरतात, पण दाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. साबण-पाणी किंवा ओल्या फडक्यानं पुसणं हाच उपाय. दादा हा नियम इतका मनावर घेतो, की आता वर्गातल्या मित्रांनाही तो हात धुवायला लावून मगच घरी आणतो.

पाकिटावरचा मजकूर

विकतच्या खाऊच्या बाबतीत सगळी भिस्त पाकिटावरच्या बारीक अक्षरांवर. आपल्याकडे अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार शेंगदाणे, सुका मेवा, दूध, अंडी, मासे, सोयाबीन अशा ॲलर्जीकारक घटकांचा उल्लेख पाकिटावर करावा लागतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानात परातीतून तोलून मिळणाऱ्या चिवड्याला कसलं लेबल? तिथे फरसाणाचा झारा शेवेलाही चालतो आणि तळणाचं तेलही तेच. वडापावाबरोबरच्या लसणाच्या सुक्या चटणीत कित्येकदा कूट असतो, हे खाणाऱ्याला ठाऊकही नसतं. तेलाचंही तसंच. पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात ॲलर्जी आणणारी प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, पण घाण्याच्या तेलात ती राहू शकतात.

एका शब्दाच्या अभावी काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये घडलं. २०१६ साली नताशा एडनान-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी वडील आणि मैत्रिणीबरोबर विमानानं फ्रान्समधल्या नीस शहराला निघाली होती. लंडनच्या विमानतळावर तिनं वेष्टनातला पाव विकत घेतला. तिला तिळाची ॲलर्जी होती. पावाच्या पिठातच तीळ मिसळलेले होते, पण वेष्टनावर तसा उल्लेख नव्हता. वडिलांनी विमानात तिला दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी त्यानंतर पाठपुरावा केला आणि दुकानात आधीच बांधून ठेवलेल्या पदार्थांवर सर्व घटक छापण्याची सक्ती करणारा कायदा ऑक्टोबर २०२१पासून तिथे लागू झाला. तो ‘नताशाचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो.

प्रवासातले शब्द

अशा बातम्या वाचल्यावर प्रवासच नको असं वाटणं साहजिक आहे. या कुटुंबानंही दोन वर्षं पुण्याबाहेर पाऊल टाकलं नाही. शेवटी वडील म्हणाले, ‘‘तिला जग टाळायला नाही, जगात वावरायला शिकवायचं आहे.’’ मग बँकेच्या प्रवास सवलतीवर कोलकात्याची सहल ठरली.

तयारी एखाद्या लग्नासारखी झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, रव्याचे लाडू, मेतकूट आणि मऊ भातासाठी छोटा कुकर. गाडीत बसल्याबरोबर आईनं खिडकीची कड, बाकाचा पत्रा ओल्या फडक्यानं पुसून घेतला. डब्यात दाणेवाला येणारच, शेजारी पुडी सोडणारच. नुसत्या वासानं जीवघेणा त्रास होणं फार दुर्मीळ, खरी भीती कण हाताला लागून तोंडात जाण्याची, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून आईला धीर होता. समोरच्या आजीबाईंनी ‘‘घे बाळा’’ म्हणून हात पुढे केला, तेव्हा धाकटीनंच सांगितलं, ‘‘आजी, मला दाणे चालत नाहीत. मला दवाखान्यात न्यावं लागतं.’’ आजीबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी पुडी पिशवीत ठेवली, हात धुऊन आल्या आणि मुलीला गोष्ट सांगत बसल्या.

खरी परीक्षा भाषेची. उत्तरेत ‘मूंगफली’ विचारली की काम भागतं. गुजरातीत ‘सिंग’ म्हणतात, हैदराबादकडे ‘पल्ली’, तमिळमध्ये ‘वेर्क्कडलै’. बंगालीत मात्र दाण्याला ‘चिनेबादाम’ म्हणतात आणि बोलताना नुसतं ‘बादाम’ही म्हणून टाकतात. म्हणजे ‘बादाम आहे’ असं ऐकून मराठी माणूस निर्धास्त होईल आणि पुड्यात निघतील शेंगदाणे! कोलकात्याच्या प्रसिद्ध झालमुरीत तर दाणे असतातच. दक्षिणेतला लिंबाचा भात, चिंचेचा भात यांतही ते असतात. म्हणून वडिलांनी बंगाली सहकाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली होती. ‘या मुलीला शेंगदाणे, त्यांचा कूट किंवा त्याच भांड्यात केलेला पदार्थ दिल्यास तिच्या जिवाला धोका आहे.’ जेवणाआधी ती चिठ्ठी थेट स्वयंपाक्याला दाखवायची. वाढप्याला विचारलं तर तो नुसतीच मान हलवतो.

आणि मराठी तरी कुठे सोपी? ‘‘यात दाणे नाहीत ना?’’ असं विचारलं, की कित्येकदा उत्तर येतं, ‘‘छे, दाणे नाहीत. थोडा कूट आहे.’’

देवळातल्या प्रसादाला नाही कसं म्हणायचं, हाही प्रश्न होता. तो आजींनी सोडवला. नातीनं प्रसाद हातात न घेता नमस्कार करायचा आणि आजीनं तिच्या वाटचा प्रसाद घ्यायचा. ‘‘देवाला सगळं कळतं,’’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

सोलापूरची दुपार

कोलकाता निर्विघ्न पार पडलं. संकट आलं ते घरच्या माणसांत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे सोलापूरला आत्याकडे गेले. शेंगाची चटणी हे सोलापूरचं भूषण. पण भाची येणार म्हणून आत्यानं चार दिवस आधीपासून घरात कुटाला मज्जाव केला होता. पातेली, झारे, खलबत्ता सगळं घासून काढलं होतं. पिठलं, भाकरी, वरण-भात, दही, एकाही पदार्थात दाणा नव्हता. चटणीची बरणी फक्त मोठ्यांसाठी, ताटांपासून लांब ठेवलेली. जेवायला आलेल्या एका पाहुण्यानं चटणीवर दही घेतलं आणि तोच चमचा पुन्हा दह्याच्या सटात गेला. नंतर त्याच सटातलं दही मुलीच्या भातावर पडलं.

दोन घास झाले आणि ती म्हणाली, ‘‘आई, जीभ चुरचुरतेय.’’ मग खोकला सुरू झाला, गालांवर, पोटावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज बसल्यासारखा घोगरा येऊ लागला. कुणी म्हणालं पित्त आहे, आमसुलाचं पाणी लावा. कुणी ॲलर्जीच्या गोळीचं नाव घेतलं. आईनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं पर्समधली पेटी काढली आणि ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन मुलीच्या मांडीला बाहेरच्या बाजूनं दिलं.

परदेशात यासाठी तयार पेन सर्रास मिळतं. आपल्याकडे ते सहजासहजी हाती लागत नाही. म्हणून डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा ठरवून, औषधाची कुपी आणि सिरिंज देऊन आईवडील दोघांकडून सराव करून घेतला होता. ‘‘अंगावरच्या खाजेला गोळी चालेल, पण श्वास अडला, आवाज बदलला, वारंवार उलटी झाली, चक्कर आली तर गोळीची वाट पाहायची नाही. आधी इंजेक्शन, मग फोन,’’ हे त्यांचे शब्द तिला पाठ होते. वडिलांनी १०८ क्रमांकावर फोन केला. आत्या मुलीला उचलून दाराशी नेऊ लागली, तशी आई म्हणाली, ‘‘ताई, तिला उभी करू नका. आडवीच राहू दे, पायाखाली उशी द्या.’’ अशा वेळी एकदम उभं केल्यानं रक्तदाब आणखी कोसळू शकतो.

रुग्णालयात दुसरं इंजेक्शन द्यावं लागलं. काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून रात्रभर तिथेच ठेवलं. पहाटेपर्यंत ती शांत झोपली होती.

आत्या रात्रभर बाहेरच्या बाकावर बसून होती. पाण्याचा घोटही तिनं घेतला नव्हता. ‘‘माझ्याच घरात, माझ्याच हातून,’’ एवढंच ती म्हणत राहिली. त्या क्षणी आईच्या तोंडून एखादा कडू शब्द गेला असता, तर तो जन्मभर राहिला असता. ती आत्याशेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही सगळं केलं होतंत. एक चमचा राहिला. तो माझ्याही घरी राहू शकला असता.’’

दुसऱ्या दिवशी आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘मला ते इंजेक्शन शिकव.’’ सिरिंजमध्ये पाणी भरून तिनं मोसंब्यावर दहा वेळा सराव केला. पुढच्या सुट्टीत मुलं गेली, तेव्हा मुलीसाठी वेगळं ताट, वेगळी वाटी, दह्याचं झाकणाचं वेगळं भांडं होतं आणि चटणीची बरणी शेजारणीकडे मुक्कामाला गेली होती. आलेल्या पाहुण्यांना आत्या दारातच विचारत होती, ‘‘पिशवीत खाऊ काय आणलाय?’’

मायेची नवी रीत

दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक मूल मोठेपणी त्यातून बाहेर पडतं. ही मुलगी त्यांतली असेल का, हे पुढच्या तपासण्या सांगतील. तोवर तिच्या दप्तरात, आईच्या पर्समध्ये, वर्गशिक्षिकेच्या कपाटात औषधाची पेटी असते. पेटी उन्हात तापलेल्या गाडीत राहणार नाही आणि औषधाची मुदत संपणार नाही, यावर दादाचं लक्ष असतं. प्रवासाला निघताना डॉक्टरांची चिठ्ठी, रेल्वेचा १३९ क्रमांक आणि जाऊ त्या गावातल्या जवळच्या रुग्णालयाचा पत्ता लिहिलेला असतो. एवढं केलं, की मग मात्र ते मनसोक्त हिंडतात.

आपल्याकडे खाऊ घालणं म्हणजे माया. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला ‘एवढ्याशानं काय होतंय’ म्हणत घास भरवणं हा तर आपण आपला हक्कच समजतो. त्या मुलाच्या आईला प्रत्येक वेळी वाईटपणा घेऊन तो हात अडवावा लागतो. तिचं हे ओझं हलकं करणं आपल्या हातात आहे. मूल कुणाचंही असो, त्याच्या हातावर लाडू ठेवण्याआधी एकदा आईला विचारावं, ‘‘याला चालतं ना सगळं?’’ आणि ती ‘नाही’ म्हणाली, तर तो हात रागावून मागे घेऊ नये. त्याच हातानं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवावा. माया तेवढ्यानंही पोहोचते.